हिमोफिलिया असलेल्या मुलाला घेऊन कोकणात राहावे की शहरात जावे?

रातांबा | १९ मे, रात्री १०:१२

नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यात खाडीकाठच्या एका वाडीत राहतो. माझ्या साडेचार वर्षांच्या मुलाला तीव्र हिमोफिलिया ए आहे. रक्त गोठण्यासाठी जे घटक लागतात त्यांतला आठवा, ज्याला सगळे फॅक्टर एट म्हणतात, तो त्याच्या रक्तात एक टक्क्याहूनही कमी आहे. तो रांगायला लागला तेव्हा गुडघ्यांवर आणि बरगड्यांवर निळे डाग उठत. घरात कोणी म्हणे पायरीला आपटला असेल, कोणी म्हणे झिलाक नजर लागली. अकराव्या महिन्यात पडून वरच्या ओठाच्या आतली पट्टी फाटली आणि तीन दिवस रक्त थांबेना, तेव्हा तपासण्या झाल्या आणि हे नाव आमच्या घरात आले. माझ्या माहेरी किंवा आजोळी असे कोणालाही झालेले नाही.

गेल्या आठवड्यात रात्री जेवताना तो उजवा पाय खाली टेकेना. घोटा गरम लागत होता. आम्ही जवळच्या रुग्णालयात गेलो, तेथे फॅक्टरचे इंजेक्शन शिल्लक नव्हते. तेथून गाडी करून बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात पोहोचेपर्यंत पहाट झाली आणि तोवर घोटा नारळाच्या गोट्यासारखा टणक झाला होता. दीर डोंबिवलीला असतात. ते म्हणतात की सगळे आवरून इकडे या, परळचे मोठे रुग्णालय तरी जवळ पडेल. यजमानांची साठ कलमे आहेत, सासूबाई एकट्या राहू शकत नाहीत, आणि मुलगा या अंगणाबाहेर रमत नाही. मृग लागण्यापूर्वी काहीतरी ठरवायचे आहे. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा.

पाणलोट | १९ मे, रात्री १०:४०

निघावे. माझे मत स्पष्ट आहे आणि त्याला कारण आहे. माझा थोरला भाऊ १९८७ साली जांभळीवरून पडला. वरून जखम दिसत नव्हती, तो उठून चालत घरी आला आणि रात्री डोके दुखते म्हणाला. त्याला हिमोफिलिया आहे हे आम्हाला ठाऊक होते. ठाऊक असूनही आम्ही काही करू शकलो नाही, कारण औषध आमच्यापासून एक दिवसाच्या अंतरावर होते. तो वाटेतच गेला. कलमे राखणीला देता येतात.

गलबत | १९ मे, रात्री ११:५५

पाणलोट, तुमच्या भावाविषयी वाचून काही वेळ लिहिता आले नाही. त्याच्याच पिढीतला मी, गुहागर तालुक्यातला, आज ४७ वर्षांचा, तीव्र हिमोफिलिया ए. मी वाचलो यात माझे कर्तृत्व काहीच नाही, म्हणून जे पाहिले ते तरी नीट सांगतो.

माझा डावा गुडघा पूर्ण सरळ होत नाही आणि उजवे कोपर अर्ध्यावर थांबते. हे एका दिवसात झाले नाही. लहानपणी सांध्यात रक्त उतरले की घरचे तीन-चार दिवस वाट पाहत, कारण मुंबईला जायचे म्हणजे रात्रभराची एसटी, तेथे रक्तपेढीत क्रायोची, म्हणजे दात्याच्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या गोठवणाऱ्या घटकांची, वाट पाहणे आणि पुन्हा परत. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती १९९८ मध्ये, तोवर माझे गुडघे ठरून गेले होते. सांध्यात साठलेल्या रक्तातले लोह आतल्या अस्तरात मुरते, अस्तर जाड होते, त्यातल्या रक्तवाहिन्या वाढतात आणि तोच सांधा पुनःपुन्हा फुटतो. सहा महिन्यांत एकाच सांध्यात तीन वेळा आपोआप रक्तस्राव झाला तर डॉक्टर त्याला टार्गेट जॉइंट म्हणतात. माझे तसे चार झाले. त्याच काळातल्या रक्तातून हिपॅटायटिस सी सुद्धा आला. तो अलीकडे बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा झाला, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे.

पण रातांबाताई, माझे गुडघे कोकणात राहिल्यामुळे गेले नाहीत. ते रक्तस्राव सुरू होणे आणि फॅक्टर शिरेत जाणे यांच्यामधल्या दिवसांनी गेले. तो वेळ दोन तासांवर आणता येत असेल तर तुम्ही देवगडला असा की डोंबिवलीला, सांध्याला फरक कळत नाही. तेव्हा पहिला प्रश्न असा विचारावा की फॅक्टर तुमच्या घरात का नाही?

डॉ. आडवाट | २० मे, सकाळी ७:२०

गलबत यांनी मुद्द्याला हात घातला आहे. मी चिपळूण परिसरात गेली अनेक वर्षे सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करतो. रक्तविकारतज्ज्ञ नाही, पण असे तीन रुग्ण माझ्याकडे नियमित येतात. जे लिहितो ते तुमच्या हिमोफिलिया उपचार केंद्रातील डॉक्टरांशी बोलूनच अंमलात आणावे.

आधी तुमच्या मनात राहिलेल्या एका गोष्टीबद्दल. माहेरी कोणाला नव्हते हे तुम्ही मुद्दाम लिहिले आहे. हिमोफिलियाच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या कुटुंबात पूर्वी कोणालाही तो नसतो. जनुकातला बदल त्या मुलात किंवा त्याच्या आईत नव्यानेच झालेला असतो. तो कोणाच्या वागण्याने, खाण्याने किंवा गरोदरपणातल्या चुकीने होत नाही. घरात कोणी तसे बोलत असेल तर हे वाक्य त्यांना वाचून दाखवा.

आता हिशेब. किलोमागे एक युनिट फॅक्टर एट दिले की रक्तातली पातळी सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. तुमचा मुलगा पंधरा किलोचा धरला, तर घोट्याच्या रक्तस्रावासाठी पातळी चाळीस टक्क्यांवर न्यायला तीनशे युनिट पुरतात. डोक्याला मार लागला तर मात्र शंभर टक्क्यांचे लक्ष्य ठेवतात, म्हणजे साडेसातशे युनिट, आणि हा डोस आधी द्यायचा, सीटी स्कॅन नंतर. पाणलोट यांच्या भावासारख्या प्रसंगात वाट पाहण्याचे तास परवडत नाहीत. याचा अर्थ इतकाच की डोक्यासाठी लागणारा एक पूर्ण डोस नेहमी तुमच्या घरातल्या फ्रिजमध्ये असला पाहिजे, आणि तो देऊ शकणारे माणूस घरात किंवा हाकेच्या अंतरावर असले पाहिजे. तुमच्या केंद्राकडे घरी ठेवण्यासाठी फॅक्टर लेखी मागा. काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी एक-दोन वेळा नाही म्हणतात. मागत राहा, आणि वापरलेल्या प्रत्येक बाटलीवरचे लेबल एका वहीत चिकटवून त्यापुढे तारीख, सांधा आणि युनिट लिहा. वही नीट ठेवणाऱ्या पालकांना दुसऱ्यांदा नाही म्हणणे जड जाते.

फॅक्टर एट रक्तात फार टिकत नाही. आठ ते बारा तासांत निम्मा होतो, लहान मुलांत बहुधा त्याहूनही लवकर. म्हणून नुसते सांधा सुजल्यावर देण्यापेक्षा आठवड्यातून ठरावीक वेळा आधीच देत राहणे चांगले. यालाच प्रॉफिलॅक्सिस म्हणतात. डोस लहान असला तरी रक्तस्राव पुष्कळ कमी होतात.

याखेरीज एमिसिझुमॅब नावाचे औषध अमेरिकेत २०१७ मध्ये मान्य झाले आणि आता आपल्याकडेही वापरतात. फॅक्टर एटचे काम म्हणजे नववा आणि दहावा घटक जवळ आणणे. हे औषध म्हणजे एक प्रतिपिंड आहे, ते एका हाताने एकाला आणि दुसऱ्या हाताने दुसऱ्याला धरून तेच काम करते. ते त्वचेखाली देतात, त्यामुळे लहान मुलाची शीर शोधावी लागत नाही, आणि आठवड्यातून, पंधरवड्यातून किंवा चार आठवड्यांतून एकदा पुरते. ज्यांच्या शरीराने फॅक्टरविरुद्ध इनहिबिटर, म्हणजे फॅक्टर निकामी करणारी प्रतिपिंडे, तयार केली आहेत त्यांनाही ते चालते. ते महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही, तरी विचारायला संकोच करू नका. मात्र आधीच सुरू झालेला रक्तस्राव त्याने थांबत नाही, त्यासाठी फॅक्टर लागतोच. आणखी एक, ते चालू असताना ए.पी.टी.टी. ही रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी नेहमीची चाचणी खोटेच सर्व ठीक असल्याचे दाखवते. म्हणून नवीन डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगावे.

इनहिबिटरची तपासणी केली आहे का, हेही कळवा. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या दर चारांपैकी किमान एकात तो होतो, आणि बहुधा फॅक्टर घेण्याच्या पहिल्या पन्नास दिवसांच्या आत.

जांभा | २० मे, सकाळी ९:०५

डॉक्टर, फ्रिज म्हणता, पण वीज गेली की काय करायचे? आमच्याकडे जूनमध्ये दोन-दोन दिवस वीज नसते.

वशिष्ठीकाठ | २० मे, दुपारी १:३०

जांभा यांच्या प्रश्नाचे उत्तर मी अनुभवाने देऊ शकतो. माझ्या पुतण्याला हिमोफिलिया बी आहे, म्हणजे नववा घटक कमी. २२ जुलै २०२१ च्या पहाटे चिपळूणमध्ये पाणी चढले तेव्हा आमचा फ्रिज तरंगत दाराला लागला. भावजयीने आदल्या रात्री पावसाचा रंग पाहून दोन बाटल्या फ्रिजमधून काढल्या होत्या आणि मासळीच्या थर्माकोलच्या छोट्या पेटीत, फडक्यात गुंडाळून, बर्फाच्या पिशवीशेजारी ठेवून पोटमाळ्यावर नेल्या होत्या. दीड दिवस आम्ही तेथेच होतो. सिलिंग फॅनच्या हुकाला धरून वर चढताना मुलाचा खांदा मुरगळला आणि त्याच बाटल्यांतली एक कामी आली.

बाटली दोन ते आठ अंशांत ठेवायची, पण बर्फाला थेट टेकवायची नाही आणि फ्रीजरमध्ये तर कधीच नाही, कारण गोठलेले औषध फुकट जाते. बऱ्याच कंपन्यांच्या बाटल्या ठरावीक काळ तीस अंशांपर्यंत बाहेरही चालतात. किती काळ, ते प्रत्येकीच्या कागदावर छापलेले असते. बाहेर काढल्याची तारीख बाटलीवर लिहावी आणि ती पुन्हा फ्रिजमध्ये टाकू नये. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडे आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तिकडच्या एका ओळखीच्या घराने जनरेटर असलेल्या बर्फ कारखान्याच्या कार्यालयातील फ्रिजमध्ये बाटल्या ठेवल्या होत्या. अशी एक जागा पावसाळ्याआधीच हेरून ठेवावी.

समुद्रमेथी | २० मे, दुपारी ३:१५

माझी आत्या सांधे चोळून देते, आजूबाजूच्या पाच गावांत तिचा हात प्रसिद्ध आहे. सुजलेल्या घोट्यावर कोमट तेल लावून हलक्या हाताने चोळले, तर साठलेले रक्त पसरून जाते असे ती सांगते. औषधासोबत हे करण्यास काय हरकत आहे?

पायवाट | २० मे, दुपारी ४:००

हरकत मोठी आहे, आणि आत्याबाईंचा पूर्ण आदर ठेवून सांगते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. रक्त उतरलेल्या सांध्यात चोळल्याने आणि शेकल्याने रक्तस्राव वाढतो. अशा वेळी सांध्याला विश्रांती द्यावी, आधार देऊन तो उंच ठेवावा, हलकी पट्टी बांधावी. बर्फ फडक्यात गुंडाळून थोडा वेळ लावला तर वेदना कमी होतात, पण बर्फ म्हणजे उपचार नव्हे, फॅक्टर उशिरा देण्याचे ते निमित्त होऊ नये.

पुढचा भाग मात्र बरेच जण विसरतात. फॅक्टर मिळाला, सूज उतरली, की सांधा महिनाभर गुंडाळून ठेवायचा नाही. स्नायू वाळले की सांधा उघडा पडतो आणि पुन्हा रक्त उतरते. वेदना थांबल्या की हळूहळू हालचाल सुरू करावी. घोट्यासाठी मुलाला पायाच्या बोटांनी हवेत अक्षरे काढायला सांगावे. पोहणे फार उत्तम. खाडीत कालवांच्या कडा धारदार असतात, म्हणून पायात रबरी बूट घालून वाळूच्या बाजूने उतरावे.

समुद्रमेथी | २० मे, संध्याकाळी ६:१०

आत्याला वाचून दाखवले. तिने विचारले की सूज पूर्ण उतरल्यावर मांडीचे स्नायू हलक्या हाताने चोळले तर चालेल का.

पायवाट | २० मे, संध्याकाळी ६:४५

सांधा सोडून, फॅक्टरच्या संरक्षणात आणि केंद्रातील फिजिओथेरपिस्टने पाहिल्यावरच. त्यांनी हा प्रश्न विचारला याचा मला मनापासून आनंद झाला.

कातळसडा | २० मे, रात्री ८:२०

माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे, पण कोकणातल्या मुलाबद्दल बोलतो आहोत म्हणून विचारतो. फुरसे चावल्यावरही रक्त गोठत नाही. मग हिमोफिलियाच्या मुलाला फुरसे चावले तर फॅक्टर द्यायचा की सर्पविषावरची लस?

डॉ. आडवाट | २० मे, रात्री ९:५०

प्रश्न बाजूचा नाही, सड्यावर अनवाणी हिंडणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना तो पडलाच पाहिजे. फुरशाचे विष रक्तातील गोठवणारे घटक, विशेषतः फायब्रिनोजेन, वापरून संपवते. विष आत असेपर्यंत बाहेरून कितीही घटक ओतले तरी ते जळत राहतात. म्हणून आधी प्रतिविष, आणि त्यासोबत हिमोफिलियासाठी त्याचा फॅक्टर. सर्पदंशात आम्ही कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतो आणि गोठले का ते पाहतो. तीव्र हिमोफिलियात रक्त एरवीही उशिरा गोठते, त्यामुळे ही चाचणी फसवू शकते. मुलाच्या गळ्यात किंवा मनगटावर आजाराचे नाव लिहिलेली पट्टी असावी, ती अशाच वेळेसाठी.

या दोन गोष्टींचे नाते जुने आहे. १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये मॅकफार्लेन यांनी घोणशीचे विष अत्यंत पातळ करून हिमोफिलियाच्या रुग्णाच्या जखमेवर लावले आणि रक्त थांबवले. फॅक्टर हाती नसलेल्या काळात दात काढल्यानंतरच्या रक्तस्रावासाठी तो खरोखरचा आधार होता.

सुरंगी | २१ मे, सकाळी ११:००

सगळी चर्चा मुलांवर चालली आहे, म्हणून माझ्या मुलीचे लिहिते. ती जन्मली तेव्हा नाळ पडल्यावर बेंबीतून दहा-बारा दिवस रक्त झिरपत राहिले. पी.टी. आणि ए.पी.टी.टी. या रक्त गोठण्याच्या दोन्ही चाचण्या अगदी बरोबर आल्या. एका रुग्णालयाने आम्हाला सांगितले की रक्ताचा आजार नाही, बेंबीची स्वच्छता ठेवा. आठव्या महिन्यात तिला झटके आले, आणि डोक्यात रक्तस्राव झाल्याचे दिसले. मग मुंबईला खास चाचणी झाली आणि तेरावा घटक जवळजवळ नाही हे कळले. हा घटक तयार झालेली गुठळी शिवून पक्की करतो. गुठळी होते, पण टिकत नाही, म्हणूनच नेहमीच्या चाचण्यांत काही दिसत नाही. माझे आणि माझ्या यजमानांचे आजोळ एकच आहे. हा दोष दोघांकडून एकेक येऊन जुळावा लागतो, आणि आमच्यात तो तसा जुळला.

तेरावा घटक रक्तात पुष्कळ दिवस टिकतो, त्यामुळे तिला चार आठवड्यांतून एकदाच क्रायो द्यावे लागते. ती आता नऊ वर्षांची आहे, मालवणात राहते आणि शाळेत जाते. रातांबाताई, महिन्याची एक तारीख पाळून आम्ही येथेच राहू शकलो. तुमचे औषध बारा तासांचे आहे, तेव्हा तुमची परीक्षा माझ्यापेक्षा अवघड आहे हे मला कळते. वाचणाऱ्या सर्वांना विनंती की बाळाच्या बेंबीतून रक्त थांबत नसेल आणि चाचण्या ठीक आल्या, तर तेराव्या घटकाचे नाव तुम्ही स्वतः घ्या.

शेवंती | २१ मे, दुपारी १२:४०

सुरंगीताईंनी धीर दिला म्हणून लिहिते. मला व्हॉन विलेब्रँड आजार आहे, हे मला एकतिसाव्या वर्षी कळले. १९२६ मध्ये फिनलंडच्या एरिक व्हॉन विलेब्रँड यांनी तो प्रथम नोंदवला, आणि जन्मजात रक्तस्रावाच्या आजारांत तो सर्वांत जास्त आढळतो, स्त्री-पुरुष दोघांतही. पाळी सुरू झाल्यापासून मला नऊ-दहा दिवस जात, रात्री दोनदा उठून कपडे बदलावे लागत, आणि घरात सगळ्या बायका म्हणत की आपल्याकडे असेच असते. आईला तसेच होते, मावशीला तसेच होते. त्या खरेच बोलत होत्या, कारण आजार सगळ्यांनाच होता. पंधरा वर्षे मी लोहाच्या गोळ्या घेतल्या आणि कोणी कारण शोधले नाही. दाढ काढल्यावर दोन दिवस रक्त थांबले नाही तेव्हा दंतवैद्यबाईंनी तपासणीला पाठवले. आता पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्या घेते आणि माणसासारखी कामावर जाते.

रातांबाताई, तुम्ही स्वतःचा फॅक्टर एट तपासला आहे का? वाहक, म्हणजे सदोष जनुक पुढे नेणाऱ्या, स्त्रियांपैकी काहींची पातळी इतकी कमी असते की बाळंतपणात किंवा शस्त्रक्रियेत त्यांनाही धोका असतो. तुम्हाला बहीण असेल तर तिच्यासाठीही हे विचारते.

रातांबा | २१ मे, रात्री ९:३०

मला धाकटी बहीण आहे, तिचे लग्न दिवाळीनंतर ठरले आहे. माझे प्रमाण कधी कोणी तपासले नाही. इनहिबिटरची तपासणी जानेवारीत झाली, तो नाही. बहिणीच्या सासरी हे सांगावे का, यावरून घरात दोन दिवस वाद चालू आहे.

डॉ. आडवाट | २१ मे, रात्री १०:२५

आधी तुमची तपासणी होऊ द्या. तुम्ही वाहक नसाल तर बहिणीपर्यंत विषय बहुधा जातच नाही. तुम्ही वाहक निघालात तर तिची करावी. परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातच नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, तेथे जनुकीय तपासणी आणि समुपदेशन दोन्ही होते. मुलाचा जनुकदोष नेमका कोणता हे आधी नोंदले गेले, की घरातल्या स्त्रियांचा शोध सोपा होतो. वाहक स्त्रीच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. सासरी केव्हा आणि काय सांगायचे हा निर्णय तुमच्या बहिणीचा आहे, घराचा नाही.

गलबत | २१ मे, रात्री ११:१०

डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत नाही. माझे लग्न ठरले तेव्हा मी स्वतः मुलीकडे जाऊन सांगितले की माझे मुलगे निरोगी असतील आणि प्रत्येक मुलगी वाहक असेल. त्यांनी एक आठवडा मागितला आणि होकार दिला. लपवून बांधलेल्या घरात माणसाला मोकळेपणाने दुखणेसुद्धा काढता येत नाही. पण हे पुरुषाला सांगणे जितके सोपे गेले तितके तुमच्या बहिणीला जाणार नाही, हेही मला दिसते.

उंबरठा | २२ मे, सकाळी १०:१५

मूळ प्रश्नाकडे येते. आम्ही राजापूर सोडून डोंबिवलीला आलो, त्याला सहा वर्षे झाली. मुलगा अकरा वर्षांचा आहे. मी दोन्ही बाजू लिहिते, कारण येण्यापूर्वी मला कोणी त्या सांगितल्या नव्हत्या.

मिळाले ते असे: के.ई.एम.मधले हिमोफिलियाचे केंद्र, एकाच खोलीत रक्तविकारतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ, दंतवैद्य आणि फिजिओथेरपी, आणि रांगेत आपल्यासारख्याच पंचवीस आया. पहिल्या दिवशी मी त्या बाकावर बसून रडले, कारण मला काही समजावून सांगावे लागले नाही. हिमोफिलिया फेडरेशन इंडियाच्या शाखेने मला फॅक्टर द्यायला शिकवले. गमावले ते असे: परळला लोकलने सव्वा तास, गर्दीच्या वेळी सुजलेला पाय घेऊन चढणे अशक्य, टॅक्सीचे पैसे, खोलीचे भाडे, आणि चार भिंतींत बसून वजन वाढलेला मुलगा. वजन वाढले की घोटा लवकर थकतो, हे पायवाट सांगतीलच. पावसात रुळांवर पाणी आले की आम्हीही अडकतो. मग घरचा फॅक्टरच कामी येतो, जो राजापूरलाही ठेवता आला असता. हे मला आता कळते.

येथे राहा किंवा तेथे, दोन कागद मात्र काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे, त्याखाली प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, मिळते. उपचारासाठी जाताना रेल्वेच्या तिकिटात रुग्णाला आणि सोबतच्या एकाला सवलत मिळते, त्यासाठी केंद्रातून ठरावीक नमुन्यातले पत्र घ्यावे लागते.

फळामागचा | २२ मे, दुपारी २:००

मी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. माझ्या वर्गात असा एक मुलगा चार वर्षे होता. आईवडिलांनी सुरुवातीलाच सांगितले म्हणून मी वेळेवर उपयोगी पडलो. तो कधी रडत नसे, फक्त लिहायचा थांबे. हाताला मुंग्या आल्यासारखे वाटते, असे त्याने सांगितले की पंधरा मिनिटांत त्याचे वडील येत. सूज दिसण्याआधीची ती खूण मुलालाच कळते, आणि आपण तिच्यावर विश्वास ठेवला पाहिजे. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक द्यायचे नाही, ताप आला तर पॅरासिटामॉल, हे त्यांनी कागदावर लिहून दिले होते आणि तो कागद कपाटाच्या आतल्या दारावर चार वर्षे होता.

गलबत | २२ मे, दुपारी ३:३५

त्या कागदात एक ओळ वाढवा: स्नायूत इंजेक्शन द्यायचे नाही. लसी टाळायच्या नाहीत, पण त्या बारीक सुईने देऊन जागा पाच मिनिटे दाबून धरावी. आणि मोठ्या मुलाच्या उजव्या जांघेत दुखू लागले, मांडी सरळ होईना, तर ते अपेंडिक्स असेलच असे नाही. एकोणिसाव्या वर्षी एका रुग्णालयात मला शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत नेले होते. मांडीच्या मुळाशी असलेल्या सोआस स्नायूत रक्त साठले होते. एका तरुण डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीचा हट्ट धरला म्हणून मी आज हे लिहितो आहे.

पाणलोट | २२ मे, रात्री ९:००

सर्व वाचले. माझे मत मी लगेच बदलत नाही. घरात फॅक्टर ठेवा म्हणणे सोपे आहे. मध्यरात्री रडणाऱ्या मुलाची शीर सापडली नाही तर काय? रस्ता तोच आणि अंतर तेच.

वशिष्ठीकाठ | २२ मे, रात्री ९:४०

पाणलोट यांची शंका खरी आहे. माझ्या भावजयीला पहिल्या आठ वेळांपैकी तीन वेळा शीर मिळाली नाही. ती शेजारच्या गावातल्या निवृत्त परिचारिकेकडे जाई. बारीक बटरफ्लाय सुई, हात कोमट पाण्यात बुडवणे, मुलाने आधी पाणी भरपूर पिणे, आणि दोनदा चुकल्यावर तिसऱ्यांदा स्वतः न टोचणे, हे तिचे नियम होते. साधारण दहा महिन्यांनी तिचा हात बसला. आता पुतण्या तेरा वर्षांचा आहे आणि स्वतःच टोचतो.

रातांबा | ११ जून, रात्री ८:५०

उशिरा लिहिते आहे, क्षमा असावी. मध्यंतरी आम्ही दोघे आठ दिवस मुंबईत होतो. माझा फॅक्टर एट अठ्ठावीस टक्के निघाला, म्हणजे लहानपणापासून मला जखमांचे जे होत असे त्याला नाव मिळाले. बहिणीचे रक्त दिले आहे. तिने होणाऱ्या नवऱ्याला स्वतःच फोन करून सांगितले, आम्हाला नंतर कळवले.

केंद्राने चार बाटल्या दिल्या आहेत. त्यांत डोक्यासाठीचा एक डोस वेगळा, लाल दोरा बांधून ठेवला आहे. एमिसिझुमॅबसाठी नाव नोंदवले आहे. यजमानांनी कलमे बांधणाऱ्या हाताने पहिल्याच वेळी शीर धरली, माझा हात मात्र अजून थरथरतो. वाडीतल्या आशाताईंनी थर्माकोलची पेटी दिली आणि तालुक्याच्या बर्फ कारखान्यात बोलून ठेवले आहे.

आम्ही असे ठरवले आहे की दिवाळीपर्यंत येथेच राहायचे. वहीत प्रत्येक रक्तस्राव लिहायचा. उजव्या घोट्यात सहा महिन्यांत तिसऱ्यांदा रक्त उतरले तर कोणीही वाद न घालता डोंबिवलीला जायचे. सासूबाईंनीही हे मान्य केले, आणि त्या सोबत येतील असे म्हणाल्या. आज एक लिहिला आहे. भीती एवढीच उरली आहे की रात्री शीर मिळाली नाही तर आमच्याकडे गाडी नाही, आणि पावसात कोणी भाड्याने यायला तयार होत नाही.

पाणलोट | ११ जून, रात्री ९:०५

मी कणकवलीत राहतो, गाडी दारात असते आणि तुमच्याकडचा रस्ता मला अंधारातही माहीत आहे. व्यक्तिगत निरोपात क्रमांक पाठवला आहे. तो दोघांच्याही फोनमध्ये आत्ताच साठवून ठेवा आणि मला एकदा वाजवून पाहा.